दीनानाथचा निरोप

बाळाबाईंनी मनुकांचा रस प्रभुभोजनाच्या पेल्यात गाळला आणि चर्चच्या दाराकडे पाहिलं, तर साक्षात मानसिंग चपला काढत होता. हातातलं फडकं टाकून त्या तशाच उठल्या. आता आली का पंचाईत!

मानसिंग आणि दीनानाथ ही त्यांच्या सख्ख्या बहिणीची पोरं. चार वर्षांपूर्वी बाप गेला, तेव्हा मानसिंगची वेल्ह्याहून येणारी एसटी नसरापूरला बंद पडली आणि इकडे भोरात दीनानाथनं धाकट्या भावाची वाट न पाहता दफन उरकलं. बापाला मूठभर माती द्यायची राहून गेली. तेव्हापासून मानसिंगनं भोरच्या चर्चची पायरी चढली नव्हती. भावाचं नाव काढलं की उठून जायचा.

मंडळीतल्या सगळ्यांची भांडणं मिटवणाऱ्या बाळाबाईंना घरचंच भांडण मिटत नव्हतं. शेवटी परवा दुखरे गुडघे घेऊन त्या वेल्ह्याला गेल्या आणि मानसिंगला सांगून मोकळ्या झाल्या, ‘दीनानाथ म्हनतो, चुकलं माजं. रविवारी ये.’ दीनानाथ यातलं एक अक्षरही बोलला नव्हता. त्यात आज प्रभुभोजनाची भाकर आणायची पाळी त्याच्याच घराची. असल्या थापेवर पोराला प्रभूच्या मेजाशी कसं बसवायचं?

त्यांनी मानसिंगला हाताला धरून अंगणात ओढलं.

“म्या थाप मारली रे. दीनानाथ काय बी म्हनला न्हाई. तुला माघारी जायाचं तर जा.”

मानसिंग हसला.

“मावशी, त्याला म्या आज वळखतो व्हय? जीभ झडली तरी चुकलं म्हनायचा न्हाई त्यो.”

“आरं मग आलास कशाला, मुडद्या?”

“चार वर्सांत मला चुकलं म्हनाया कुनी एसटीत बसलं न्हवतं. तुमी बसला.”

बाळाबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि त्याला पाठीवर धपाटा घालून आत पिटाळलं.

पाळकांची प्रार्थना झाली. दीनानाथ भाकरीचं ताट घेऊन रांगेतून निघाला आणि मानसिंगपाशी येऊन थबकला. बाळाबाईंनी मनातल्या मनात प्रभूचा धावा सुरू केला. मानसिंगनं खाली मान घालून तुकडा मोडून घेतला.

दीनानाथ काही पुढं सरकेना. त्यानं घसा खाकरला, ताट शेजारच्याच्या हाती दिलं आणि पुढची आपली ठरलेली जागा सोडून तिथंच सतरंजीवर बसायला वाकला.

“सरक जरा,” तो म्हणाला.

मानसिंग सरकला.