तिसावा चौकोन

मित्रांनो, दमून आलेल्या माणसाच्या कागदावर एकदा टेकायचे आणि बाजूला व्हायचे, एवढेच माझे काम. मी एक जुना शिक्का आहे. इटलीच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत सान क्याफ्रेदो नावाची खिंड आहे, अडीच हजार मीटर उंच. तिथल्या एकुलत्या एका खाणावळीत, गल्ल्याच्या फळीवर माझे आयुष्य गेले.

खालच्या कुनेओ शहरातल्या एका कारागिराने मला घडवले. माझी मूठ नासपतीच्या लाकडाची, तळाला रबर. त्यावर खिंडीतले चॅपल, म्हणजे छोटे प्रार्थनाघर, कोरलेले आणि खाली खिंडीचे नाव. शिक्क्याचा चेहरा उलटा असतो. दुसऱ्याच्या कागदावर टेकल्यावरच तो सुलटा होतो.

खाणावळ बात्तिस्ता नावाच्या माणसाची होती. मला फळीवर ठेवताना त्याने दोन नियम घालून दिले. जो स्वतःच्या पायांच्या जोरावर वर येईल त्यालाच शिक्का मिळेल, आणि शिक्का कधीही खिंडीखाली उतरणार नाही.

त्या मुलखातल्या सायकलवाल्यांजवळ एक जाड कार्ड असे. त्यावर तीस चौकोन, तीस खिंडींचे. एका उन्हाळ्यात भरा की सगळ्या आयुष्यात, घाई कुणालाच नसे. कार्ड भरले की ते आमच्या चॅपलमध्ये संताच्या मूर्तीच्या पायाशी टांगायचे, नवस फेडावा तसे. तिथे टांगलेले पहिले कार्ड बात्तिस्ताचेच होते.

आमचा रस्ता अरुंद आणि मुका. मालाचे ट्रक दुसऱ्या दरीतल्या बोगद्यातून जात. आमच्याकडे गाई, मारमोट नावाच्या डोंगरी खारींच्या शिट्ट्या आणि सायकली. इतकी शांतता, की माणूस दिसण्याआधी त्याचा श्वास ऐकू येई. शेवटच्या वळणावर धाप लागलेली, मग साखळीची किरकिर, मग दार. मी शाईत बुडून तयार राही. शिक्का मिळाल्यावर मोठमोठी माणसे डोळे पुसत. ते माझे सुखाचे दिवस होते.

बात्तिस्तानंतर खाणावळ त्याच्या मुलीकडे आली. तिचे नाव देल्फीना. तिने लग्न केले नाही. पहाटे उठून आधी चॅपलमध्ये मेणबत्ती लावायची, मगच चूल पेटवायची, हा तिचा नेम; हिवाळ्यात खाणावळ बंद असताना मेणबत्ती खाली गावातल्या चर्चमध्ये. वादळ असो की ताप, तो चुकला नाही. वडिलांचे दोन नियमही ती तशाच श्रद्धेने पाळी.

तिचा धाकटा भाऊ कोस्तान्झो खालच्या गावात पाव भाजायचा. दर उन्हाळ्यात तो सायकलवरून वर येई, पाठीवरच्या पिशवीत बहिणीसाठी राय नावाच्या धान्याचा काळा पाव घेऊन. पण कार्ड कधी आणत नसे.

"आणलंस का आज तरी?" ती विचारी.

"नाही गं ताई. सगळ्यांत शेवटी तुझी खिंड. मग कार्ड बाबांच्या शेजारी टांगू."

"म्हातारा होशील तोवर!"

"मग म्हाताऱ्याला दे. तू काय तरुण राहणार आहेस?"

अशी तीस वर्षे गेली. इतर खिंडी एकेक करून होत गेल्या. घरची खिंड काय, केव्हाही होईल, असे दोघांनाही वाटत राहिले.

तो सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. दोन दिवसांनी खाणावळ बंद होऊन जूनपर्यंत रस्ता बर्फाखाली जाणार होता. दुपारी जेवणाच्या वेळी तोरीनो शहरातून एक साहेब आले, चकचकीत गाडीतून, टपावर सायकल बांधून. त्यांनी कार्ड पुढे केले.

देल्फीना हळूच म्हणाली, "माफ करा, गाडीतून आलेल्याला देत नाही."

"अहो बाई, सायकल आहे की माझी! ती बघा, वर."

"ती पण बिचारी गाडीवर बसूनच आलीये."

आजूबाजूचे हसले. साहेब लाल झाले. "शिक्का सोन्याचा असल्यासारखं करतायत," असे पुटपुटत सूप मागवून कोपऱ्यात बसले.

त्यांचे सूप संपण्याआधीच बाहेर इंजिनाचा आवाज आला. चीजवाल्याची गाडी थांबली, निघून गेली, आणि दार उघडून कोस्तान्झो आत आला. त्या दिवशी मला त्याचा श्वास आधी ऐकू आला नव्हता. तो फळीला धरून उभा राहिला तेव्हा त्याचे ओठ मी जवळून पाहिले. ते निळसर होते.

त्याने खिशातून कार्ड काढले. एकोणतीस चौकोन भरलेले, तिसावा रिकामा.

"घे ताई. आलो एकदाचा."

देल्फीनाचा चेहरा उजळला. तिने मला उचलले, शाईत बुडवले, माझ्यावर हलकेच तोंडाची वाफ सोडली. ती नेहमीच तसे करी. मी चौकोनाच्या वर आलो. आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेले, "पायांनीच ना रे?"

तो हो म्हणाला असता तर संपले असते. पण तोही बात्तिस्ताचाच मुलगा.

"शेवटची तीन वळणं सोडून. चीजवाला भेटला वाटेत. चल म्हणाला."

कोपऱ्यात त्या साहेबांनी चमचा खाली ठेवला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. देल्फीनाने मान वळवली नाही, पण तिचा हात थांबला. माझ्यात आणि कागदात एका बोटाचे अंतर होते. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, बाई, त्याच्या ओठांकडे बघ.

तिने मला फळीखालच्या खणात ठेवले.

"तीनच वळणं ना? खाली जा आणि चढून ये. सूप गरम ठेवते."

कोस्तान्झोने खिडकीतून रस्त्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"आज नको गं. जूनमध्ये येतो."

"रागावलास?"

"छे! असा दिला असतास तर बाबा भिंतीवरच्या तसबिरीतून उतरले असते, हातात लाटणं घेऊन." तो हसला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि तो किती तरी वेळ थांबेना.

उतारावर वारा छातीत भरतो, म्हणून सायकलवाले सदऱ्याखाली वर्तमानपत्र घालतात. देल्फीनाने आपल्या हाताने एक जुने वर्तमानपत्र त्याच्या छातीवर नीट बसवले आणि लहान मुलाची लावावीत तशी वरपर्यंत बटणे लावली. तो निघाला. चौथ्या वळणाआड दिसेनासा झाला तरी ती दारातच होती.

मग खण बंद झाला. वर बर्फ पडत राहिले. खाली काय चालले आहे हे मला कसे कळावे?

जूनमध्ये खण उघडला तेव्हा देल्फीना शोकाच्या काळ्या कपड्यांत होती. ती फळीवर डोके टेकून बोलत राहिली. देवाशी बोलत असावी, पण खोलीत ऐकणारा मीच होतो. कोस्तान्झोचे हृदय थकले होते. ऑगस्टमध्येच डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. बायकोने त्याला विचारले होते, ताईंना का नाही सांगितलंत? तो म्हणाला होता, "सांगितलं असतं तर तिनं दया येऊन शिक्का दिला असता. मग तो कसला माझा?"

जानेवारीत तो अंथरुणाला खिळल्यावर देल्फीना दोनदा मला न्यायला निघाली होती. दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून रस्ता राखणाऱ्या माणसांनी तिला परत फिरवले. पुढे रस्ताच नव्हता, नुसते बर्फ होते. फेब्रुवारीत, चर्चमध्ये मेणबत्त्या वाटण्याच्या सणाला, तो गेला. घरच्यांनी कार्ड त्याच्या कोटाच्या खिशात ठेवले आणि ते त्याच्याबरोबर मातीत गेले.

एवढे सांगून ती उठली. मला मुठीत घेतले आणि दार ओढून रस्त्याला लागली. शिक्का पहिल्यांदाच खिंडीखाली उतरत होता. इतकी वर्षे ज्या रस्त्याने माणसे माझ्याकडे आली तो मी तेव्हा प्रथम पाहिला. ती सावकाश चालत होती आणि मोजत होती. एक. दोन. तीन. मित्रांनो, ती वळणे फार लहान होती. तिसऱ्या वळणावर ती रस्त्याच्या कडेला बसली आणि तिथेच तिला रडू फुटले.

गावात गेल्यावर ती दफनभूमीत गेली. कोस्तान्झोच्या पांढऱ्या दगडासमोर गुडघे टेकले, मला शाई लावली, वाफ दिली, आणि त्याच्या नावाखाली टेकवले. जांभळे चॅपल उमटले. पावसाने ते दोन दिवसांत धुऊन नेले. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. आणि त्याच्या पुढच्याही.

एकदा फादर आमेदेओंनी तिला गाठले. म्हातारे, प्रेमळ गृहस्थ.

"देल्फीना, अगं, दगडावर शाई टिकते का? पाथरवटाला सांगू. तो कोरून देईल, कायमचं."

"नको, फादर."

"का?"

"कोरलं की माझं काम संपेल. मला पुसला जाणाराच हवाय."

फादरांनी टोपी काढली आणि ते तिच्याजवळ उभे राहिले.

आता खाणावळ दुसऱ्यांकडे आहे, आणि मी खाली गावात देल्फीनाजवळ. तिथे दाराबाहेर साखळीला नवा शिक्का टांगला आहे म्हणतात. जो येईल त्याने हवा तर मारून घ्यावा, कुणी काही विचारत नाही. कार्डे टांगायलाही फारसे कुणी येत नाही. माझे रबर चिरले आहे. माझ्या चॅपलचे छप्पर हल्ली उमटत नाही. देल्फीनाचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून ती काठीवर रेलून, उभ्यानेच मला दगडावर दाबते. पहाटेची मेणबत्ती अजून चुकलेली नाही. पण चूल पेटवायला ती पुष्कळदा विसरते.

मित्रांनो, नेम जरूर पाळा. ज्या घरात नेम नाही तिथे मलाही करमले नसते. पण दारात आलेल्या माणसाला काही विचारण्याआधी त्याला बसायला द्या, त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा. आणि त्याच्यासाठी हात पुढे झालाच असेल, तर चारचौघांकडे पाहून तो मागे घेऊ नका. मी त्या दगडावर सातशेहून अधिक वेळा टेकलो आहे. तिसावा चौकोन अजून रिकामाच आहे.