दुप्पट वेग

"...ब्रेक लागेना! असंच ना, अप्पा?" तिने वडिलांचं वाक्य पुरं करून टाकलं आणि ताटं उचलली.

अप्पांनी तोंड फिरवलं. म्हणाले, "मग... तूच सांग."

त्या संध्याकाळपासून गोष्ट बंद.

जन्मभर बस चालवलेला माणूस. अर्धांगाचा झटका आल्यापासून एकेक शब्द ओढून काढावा लागे. तरी या पठ्ठ्याने मनाशी एका रिकाम्या बसची गोष्ट रचली होती आणि लेकीला रोज थोडीथोडी सांगायला घेतली होती. लेकीची नोकरी नव्या मालिका, सिनेमे लोकांपुढे जाण्याआधी तपासण्याची. दुप्पट वेगाने बघितलं तरी ढीग हटत नसे. घरात पाऊल टाकलं की तिची मुलगी मागे लागे, "आई, ही मालिका तरी बघ गं, मला कुणाशी तरी बोलायचंय तिच्याबद्दल!" भावजयीने गाऊन पाठवलेली गाणी फोनमध्ये पडून, मैत्रिणीचा कवितासंग्रह उशाशी. न ऐकता, न वाचता ती सगळ्यांना 'छान' कळवून टाकी. कुणाचं मन मोडू नये, एवढंच.

अप्पांना मात्र 'छान' नको होतं.

मग एक दिवस ऑफिसात, पडद्यावर एक म्हातारा मुलाचा निरोप घेत होता आणि तिचं बोट सवयीने वेग वाढवायला गेलं. तिने हात मागे घेतला.

घरी आल्यावर फोन स्वयंपाकघरात ठेवून ती अप्पांच्या खाटेपाशी बसली. "चुकलं माझं. सांगा ना पुढचं."

"आठवत... नाही."

"मग पहिल्यापासून सांगा."

अप्पांनी तिला नीट न्याहाळलं. खरंच बसणार आहे का, हे बघून घेतलं आणि सुरुवात केली.

"...आणि बस... निघाली ती... थेट..."

शब्द येईना. कपाळावरची शीर तट्ट फुगली. 'समुद्रावर' हा शब्द तिच्या ओठांवर येऊन उभा होता. तिने जीभ दातांखाली धरली.

"...लग्नाला."

"काय?"

"दुसऱ्या... बसच्या."

तिला असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. अप्पाही हसले, अर्ध्या चेहऱ्याने. आवाज ऐकून मुलगी दारात आली. "कुणाचं लग्न?"

"ये, बस. पण मध्ये बोलायचं नाही हं."

मुलगी आजोबांच्या पायाशी टेकली. अप्पांनी डोळे मिटले आणि पुढचा शब्द शोधायला लागले. दोघी थांबल्या.