चौकात अडकलेलं चर्च

आमचं एलिम चर्च कॉलेजच्या मागून काढून रुळांपलीकडे न्यायचा विषय निघाला, तेव्हा माझी ओझेलाआत्या भर सभेत म्हणाली, "आधी मला पुरा, मग काय हवं ते न्या."

आमचं ब्रॅनन गाव अमेरिकेच्या दक्षिणेत, एका उतारावर वसलंय. वर टेकडीवर कॉलेज, मध्ये कोर्टाचा चौक, खाली रेल्वे. रुळांच्या अलीकडे जॉर्जियाची लाल चिकण माती आणि पलीकडे पांढरी वाळू. त्या पलीकडच्या वस्तीलाच सँडटाउन म्हणतात. मी या गावच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. कोणे एके काळी समुद्राचा काठ इथवर होता, म्हणून इथे वाळू, असं मी मुलांना सांगायचे. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग बाई, समुद्रात फक्त आपली काळी माणसंच का राहायला गेली?" वर्ग हसला, मीही हसले. पण त्याचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं.

आम्ही मुळात वाळूतले नव्हेच. टेकडीच्या मागच्या उतरणीला मलबेरीचा खळगा म्हणत, तिथे आमची घरं होती. कॉलेजचे आचारी, धोबिणी, गवंडी सगळे तिथलेच. साठच्या दशकात शहरानं ती घरं राहण्याच्या लायकीची नाहीत असं ठरवलं आणि जमीन हॉस्टेलांसाठी कॉलेजला दिली. घरं पाडली, माणसं रुळांपलीकडे गेली. चर्च तेवढं उरलं, कारण तेव्हाच्या पाळकांनी सही केली नाही आणि चर्चवर बुलडोझर घालायची हिंमत कोणाला झाली नाही. तेव्हापासून पाच मजली हॉस्टेलांच्या मधोमध आमचं ते पांढरं, लाकडी, बुटकं चर्च उभं होतं. आम्ही दर रविवारी गाड्या काढून सँडटाउनहून टेकडी चढायचो.

पण मंडळी म्हातारी झाली होती. फुटबॉलच्या मोसमात गाडी लावायला जागा मिळत नसे. कॉलेजनं सँडटाउनमध्ये जागा आणि चर्च हलवायचा सगळा खर्च देऊ केला, तेव्हा सर्वांत आधी 'हो' म्हणाले ते आत्याचे धाकटे भाऊ, माझे सीफसकाका.

"ताई, माझ्या बायकोची शवपेटी मी मॅचच्या गर्दीतून आणली," ते उभे राहून म्हणाले. "पुढे मागे बँड वाजत होता. लोक ओरडत होते. तिला आयुष्यात कधी फुटबॉल आवडला नाही गं."

लोक हसले आणि लगेच खाली बघू लागले.

"म्हणून त्यांना जागा सोडून द्यायची?" आत्या म्हणाली. "साठ वर्षं ते याचीच वाट बघताहेत."

"वाट बघणारे कधीच मेले. आता तिकडे कोण आहे? तू एकटीच भांडतेयस, आणि समोर कुणीच नाही."

आमचे पाळक व्हिटलो वयानं तिच्या नातवाएवढे. ते हळूच म्हणाले, "आई, तुम्ही नाही म्हणालात तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

आत्यानं समोरच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सगळंच येणार? माझ्या बाबांनी ठोकलेल्या फळ्यासुद्धा?"

"फळ्या, बाकं, घंटा. जसंच्या तसं."

"मग चौकातून न्यायचं. मागच्या रस्त्यानं नाही. आमचे पलंग आणि भांडी त्यांनी मागच्या रस्त्यानं नेली होती, कचरा नेतात तशी. चर्च तसं जाणार नाही."

घरं उचलून नेण्याचा धंदा करणारा डब हचन्स म्हणून एक गोरा माणूस होता, शेजारच्या गावचा. हे ऐकून त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मिस ओझेला, मागचा रस्ता सरळ आहे हो. चौकातलं वळण लई वाईट. तारा आहेत, ओकची झाडं आहेत. अडकलो तर?"

"अडकलास तर अडकलास. तुझ्या आईला मी ओळखते. तिनं काही तुला घाबरायला शिकवलेलं नाही."

"आता आईला कशाला मध्ये घेता," डब पुटपुटला. पण तो चौकातूनच जायला तयार झाला.

मार्चमधली कॉलेजची सुट्टी लागली, हॉस्टेलं रिकामी झाली आणि शनिवारी सकाळी चर्च निघालं. खाली लोखंडी तुळया, त्यांच्याखाली चाकंच चाकं, पुढे ट्रक. डॉगवूडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती. आत्याला आत बसून जायचं होतं, पण डब त्याला काही केल्या कबूल होईना. तेव्हा ती चर्चच्या पुढे चालत निघाली, हॅट घालून, माझा हात धरून. चर्च आमच्या मागून इतकं सावकाश येत होतं की आम्हाला मध्ये मध्ये थांबावं लागे. विजेची माणसं तारा वर उचलत होती. लोक ओसऱ्यांवर येऊन बघत होते. काही हात हलवत होते, काही नुसतेच बघत होते.

चौकातल्या वळणावर काडकन आवाज झाला आणि मागची बाजू एका अंगाला झुकली. घंटा आपोआप वाजली. डब खाली शिरला आणि बऱ्याच वेळानं ग्रीस माखून बाहेर आला.

"चाकांचा ॲक्सल गेला. नवा मेकन शहरातून आणावा लागेल. तिकडचं दुकान सोमवारी उघडतं."

"म्हणजे उद्याची उपासना?" पाळकांनी विचारलं.

आत्यानं चौकाकडे पाहिलं. एका बाजूला कोर्ट, समोर दुकानं, कोपऱ्यावर गोऱ्यांचं विटांचं मोठं चर्च आणि या सगळ्यांच्या मधोमध आमचं. "उपासना कशाला थांबवायची? चर्च आहे, रविवार आहे."

डबनं जॅक लावून चर्च सरळ केलं. आत किती माणसं गेलेली चालतील ते त्यानं बजावून सांगितलं आणि रंगाऱ्यांचा लोखंडी जिना आणून दाराला लावला. पोलिसांचा मुख्य आला, रस्ता बंद केल्याबद्दल कुरकुरला आणि शेवटी स्वतःच अडथळे लावून गेला. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याचा धंदा बुडाला. तो आमच्याशी एक शब्द बोलला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

रविवारी जेवढे मावले तेवढे आत बसले, उरलेले खाली रस्त्यावर खुर्च्या मांडून. दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. आमचं गाणं सुरू झालं तेव्हा विटांच्या चर्चमधली माणसं नुकतीच बाहेर पडत होती. बरीचशी गाड्यांत बसून निघून गेली. काही हिरवळीवर थांबली. एका बाईनं लेकराला खांद्यावर घेतलं होतं, ती गाण्याबरोबर डुलत होती.

पाळकांनी विचारलं, "कुणाला आपल्या अनुभवाची साक्ष द्यायची आहे?" आत्या उठली आणि दारात, त्या जिन्याच्या वरच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

"मी सतरा वर्षांची होते," ती म्हणाली. "या चर्चमधून आम्ही गात निघालो होतो. या चौकात यायचं होतं. त्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, तिथे कोकही मिळायचा, पण काळ्यांना बसू देत नसत. तिथे टेबलाशी बसून कोक प्यायचा, बाकी काही नाही. पोलिसांनी खालच्या गल्लीतच अडवलं, कुत्री होती. आम्ही परत गेलो. सोमवारी कॉलेजच्या स्वयंपाकघरातून माझ्या बाबांना काढून टाकलं. बाबा मला एका शब्दानं रागावले नाहीत. त्यांनी संध्याकाळी हातोडा घेतला आणि या चर्चची लाकडी जमीन नव्यानं घालायला घेतली. मी त्यांना खिळे देत होते. मला रडू येत होतं, आणि ते म्हणत होते, 'खिळा दे, ओझी. रडायचं तर रड, पण खिळा दे.'" ती थांबली. "त्यांनी घातलेल्या जमिनीवर मी आज इथे उभी आहे. एवढंच सांगायचं होतं."

सीफसकाका रुमाल शोधत होते. खाली चाकांपाशी डब टोपी हातात घेऊन उभा होता.

उपासना संपल्यावर जेवणं कोर्टाच्या हिरवळीवरच झाली. तळलेली कोंबडी, कोबीची भाजी, मक्याची पोळी. आत्या मला म्हणाली, "ॲल्वी, चल जरा." आम्ही त्या कोपऱ्यावर गेलो. औषधांच्या दुकानाचं आता कॉफीचं दुकान झालंय. आत्या खुर्ची ओढून बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "एक कोक."

काउंटरवरची मुलगी ओशाळली. "मॅडम, आमच्याकडे कोक नसतो. आल्याचं सरबत देऊ?"

"बघ," आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "साठ वर्षांनी आले, तर यांच्याकडचा कोकच संपलाय!" आणि ती अशी हसायला लागली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती मुलगीही हसली, कशाला ते तिला कळलं नाही. आत्या ते सरबत सगळं प्यायली. खूप तिखट होतं म्हणाली.

मंगळवारी नवा ॲक्सल बसला. रेल्वेनं मालगाडी सिग्नलपाशी थांबवून ठेवली आणि चर्च डुलत डुलत रूळ ओलांडून गेलं. सँडटाउनची माणसं रस्त्यावर आली होती. चर्च नव्या पायावर उतरवताना पूर्वेच्या भिंतीला एक लांब भेग पडली. ती बुजवली तरी दिसतेच. दार कुठल्या दिशेला करायचं, असं डबनं उतरवण्याआधी विचारलं, तेव्हा मंडळीत पुन्हा भांडण झालं होतं. शेवटी दार रस्त्याकडे झालं.

मलबेरीच्या खळग्यात आता कॉलेजची बाग आहे. एक पाटी आहे, तिच्यावर एलिमचं नाव आहे. आत्या ती बघायला अजून गेलेली नाही. तिला नवी जागा फार आवडली असंही नाही. सकाळचं ऊन भलत्याच खिडकीतून येतं, अशी तिची तक्रार असते.

पण आता चर्च तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती पायी उपासनेला जाते. आमच्या सगळ्यांच्या आधी निघते, आणि वाटेतल्या प्रत्येक ओसरीवर थांबते. कुणाचा गुडघा विचारते, कुणाच्या सुनेला नावं ठेवते, कुणाला बखोटीला धरून सोबत घेते. त्यामुळे ती हल्ली सगळ्यांत शेवटी पोचते. पाळक खिडकीतून रस्त्याकडे बघतात, आणि ती दिसेपर्यंत पहिलं गाणं आणखी एका कडव्यानं लांबवतात.