मंजुळेच्या बाजूची काच

यशवंतरावांनी शेताच्या तुकड्यावर शेड बांधून ती पत्रे दाबणाऱ्या प्रेसवाल्या कंपनीला भाड्यानं दिली आणि मग त्या प्रेसच्या धाडधाडीवरच तणतणत बसले. भाडं हवं, आवाज नको. शेवटी अख्ख्या कुरुळी गावात कुणाकडं नसेल अशी दुहेरी काच घरभर बसवायचं त्यांच्या डोक्यात शिरलं. चौकटी मात्र जुन्या सागवानीच ठेवायच्या, कारण त्या फुकट होत्या.

काचा बसवायला लातूरकडचा नवनाथ आला. तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पोचला तशा यशवंतरावांच्या पत्नी शालनबाई आडव्या आल्या. खिडकीसमोर, भिंतीपलीकडं, त्यांची धाकटी जाऊ मंजुळाबाई राहायची. वाटणी झाल्यापासून एकीनं दुसरीचा उंबरा ओलांडला नव्हता, पण रोज सकाळी या खिडकीतून भांडण ठरलेलं. शेवग्याच्या फांदीवरून, सांडपाण्यावरून, काहीच नसलं तर कालच्या भांडणावरून.

"ही उघडती ठेव की रे," शालनबाई म्हणाल्या.

"काकू, प्रेस ह्याच अंगाला हाय. मालक म्हणले, ही पक्की बंद करा." नवनाथनं चौकटीत रबराचे तुकडे ठेवून त्यावर काच उभी केली आणि चारी बाजूंनी बारीक फट राखली. "लाकूड पावसात फुगतंय. टेकवली तर काच तडकंल." मग लाकडी पट्ट्या ठोकून त्यानं कडेनं फट बुजवणाऱ्या शिलिकॉनची धार ओढली. "उद्यापर्यंत हात लावू नका बगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेस चालू होता की बंद, कळेना. यशवंतराव राजासारखे पेपर वाचत बसले.

समोरच्या खिडकीत मंजुळाबाई उगवली. कमरेवर हात, ओठ भराभर हलताहेत, आवाज शून्य. शालनबाईंनी बेंबीच्या देठापासून उत्तर दिलं, ते त्यांच्याच भांड्यांवर आपटून परत आलं. मंजुळाबाईच्या बाजूनं काचेवर ऊन चमकत होतं, तिला आतलं काही दिसत नसावं. तिनं थोडी वाट बघितली आणि आपली खिडकी लावून घेतली.

भांडण कितीही होऊ दे, अबोला त्या घरात कुणी धरला नव्हता. अबोला म्हणजे नातंच संपलं. शालनबाईंनी लाटण्यानं काच ठोकली.

"अगं, शिलिकॉन ओलं हाय अजून," यशवंतराव ओरडले.

"मग चाटा बसून," म्हणत शालनबाईंनी चपला घातल्या.

जावेच्या दाराशी पाय अडले. आधी जाईल ती हरली, असा दोघींचा हिशोब होता. त्यांनी बाहेरूनच हाक मारली.

मंजुळाबाई आली. डोळे लाल होते.

"मगाशी मी बोलत हुते," शालनबाई म्हणाल्या. "काच बसवलीया. बाहीर ऐकू येत न्हाई."

"मला वाटलं, तुमी बोलणंच टाकलं." मंजुळाबाईनं पदरानं नाक पुसलं. "काय म्हणत हुता?"

"म्हटलं, तुझी जीभ झडो."

मंजुळाबाईच्या जिवात जीव आला.

"आता कसं," ती दारातून बाजूला झाली. "या आत, आक्का."