पाचातले दोन

शिवप्पा सरांनी अलगद टाकलेला चेंडू पंचशीलानं हात न उचलता जाऊ दिला. खुर्चीच्या पायाला लागून तो धुळीत घरंगळला.

“झेल की पोरी. तीन पावलांवरून तर टाकतोय.”

“मारोतीला टाकला तसा टाका. कातडी चेंडू, दहा पावलांवरून.”

मारोती तिच्याच वर्गातला दांडगा गडी. पोलिओनं पाय गेलेल्या पंचशीलासाठी मात्र सरांनी चिंध्यांचा चेंडू शिवून घेतला होता, अंतर कमी केलं होतं, बसायला खुर्ची ठेवली होती. मुख्याध्यापक म्हणत होते, तिला झेलण्या-फेकण्याच्या परीक्षेतून सूटच द्या. त्यांच्याशी भांडून सरांनी हे केलं होतं, आणि तीन वर्षं ती दहापैकी दहा घेत होती. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! सरांना रागच आला.

“खुर्ची ऱ्हाऊ द्या, सर. पळता येत न्हाई, ते खरं हाय. पर हाताला काय झालंय माझ्या?”

कुबड्यांनी घट्टे पडलेले ते तळवे सरांनी आज पहिल्यांदा नीट पाहिले.

लातूर जिल्हा नवा झाला, तरी पाणी काही नवं आलं नव्हतं. टँकरची वाट पाहत बायका मैदानाच्या कडेला घागरी मांडून बसल्या होत्या.

“लागंल की हो लेकराला,” साखराबाई कळवळली.

पंचशीलाची आई भामाबाई जागची हलली नाही. “लागू द्या. तिनंच मागितलंय.”

सर दहा पावलं मागं गेले. पहिला चेंडू थेट तिच्या छातीवर बसला. सरांचा हात थबकला.

“टाका!”

दुसरा बोटांतून निसटला. तिसरा तिनं धरला. चौथा सुटला. पाचव्याला खुर्ची मागं कलली, पण चेंडू तिच्या हातातच राहिला.

सरांनी पुढं येऊन सगळ्यांदेखत वहीत लिहिलं, पाचातले दोन झेल, दहापैकी चार.

“दहाचे चार करून घेतले येडीनं,” साखराबाई म्हणाली.

“मारोतीला किती, सर?”

“सहा.”

“मंग लई लांब न्हाई!”

ती खदखदून हसली. तीन वर्षं दहा-दहा गुण देऊन सरांनी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते पुढचं नाव पुकारणार, तोच तिनं चेंडू खांद्याशी धरला.

“माझं फेकायचं ऱ्हायलंय. मागं सरका, सर.”

सर पुन्हा दहा पावलांवर जाऊन उभे राहिले.

“आनखी,” ती म्हणाली.