झोपलेल्या पेटीची भूक

गेल्या हिवाळ्यात आमच्या चीगू गावच्या तळ्यातले मासे एका थंडीच्या लाटेत मेले. पाणी गारठलं की घंटा वाजवणारी पेटी काठावरच होती, पण ऊन नसल्यामुळे सौर बॅटरी संपली आणि पेटी मुकी झाली. बाबा म्हणाले, यंदाही असं झालं तर तळं विकून टाकू.

त्या पेटीतला कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या विजेचा दाब उतरवून ती पेटीला देणारा तुकडा, बाबांनीच हौसेने आणला होता. चांगला दणकट, वर ‘कार्यक्षमता ९५ टक्के’ छापलेलं. नव्या पेटीसाठी मी नखाएवढा, स्वस्तातला निवडला. असल्या पेट्या बनवणं हाच माझा धंदा, पण घरात कोण विचारतो!

“एवढुसा? हा माझं तळं राखणार?”

“बाबा, ते पंच्याण्णव टक्के भरपूर काम असताना. आपली पेटी सारा वेळ झोपते, मधूनच उठून पाणी बघते. ती झोपली की तुमचा पैलवान तिच्यापेक्षा जास्त वीज स्वतःच खातो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!”

“जीभ फार चालते तुझी. देवालाच विचारू.”

देवळात दोन्ही कन्व्हर्टर देवापुढे ठेवून बाबांनी कौल लावला. “देवा, मोठाच चांगला ना?” कौलाच्या दोन्ही लाकडी चंद्रकोरी पडल्या त्या चपटी बाजू वर करून. म्हणजे देव हसला, प्रश्नच धड नाही. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसला.

झाडलोट करणारी ल्याव काकू म्हणाली, “अरे, चांगला कशासाठी ते तर सांग! देव काय मनकवडा आहे?”

मी संधी सोडली नाही. “बाबा, थंडीत माशांना खाद्य किती टाकता?”

“चिमूटभर. थंडीत मासा खातो कुठे? जास्त टाकलं की कुजतं, पाणी नासतं. एवढंही कळेना तुला?”

बोलता बोलता त्यांची नजर दोन्ही कन्व्हर्टरवर गेली. मोठा कन्व्हर्टर उचलून त्यांनी खिशात घातला, धाकटा माझ्या हातावर ठेवला. “चल. देवाला किती हसवायचं!”

जानेवारीत पुन्हा सूर्य दिसेनासा झाला. एका सकाळी पेजेचा पहिला घोट घेतो न घेतो तोच नव्या पेटीची घंटा खणाणली. बाबा वाडगा टाकून धावले आणि त्यांनी विहिरीचं कोमट पाणी तळ्यात सोडलं. मासे वाचले. मला रडूच आलं.

शेजारच्या तळ्याचा कुओ दुपारी चौकशीला आला. “कन्व्हर्टर किती टक्क्यांचा, दादा?”

बाबा ऐटीत म्हणाले, “टक्के मागाहून. आधी सांग, तुझी पेटी झोपते किती?”