बावीस लगोऱ्या

भाद्रपद सरत आला होता. पठारावर सोनकी फुलली होती. पिवळी, पिवळी, कड्याच्या काठापर्यंत पिवळी. त्या पीतवर्ण विस्तारातून एक वाट जात होती, आणि वाट म्हणावी असे तिच्यात काहीच नव्हते. खडक होता, गवत होते, आणि चाळीस-पन्नास पावलांवर दगडांची एकेक बुटकी लगोर होती. खाली मोठा दगड, त्यावर मधला, त्यावर लहान. पश्चिमेला कोकणात उतरणाऱ्या नाळेच्या, म्हणजे अरुंद, उभ्या घळीच्या माथ्यापासून पूर्वेच्या वाडीपर्यंत अशा बावीस लगोऱ्या उभ्या होत्या.

आणि दक्षिणेला कडा होता. काळाकभिन्न, तासीव, अतल कडा. उन्हात तो सुंदर दिसे. इतका सुंदर, की पाहणाऱ्याला त्याची भीती वाटायची राहून जाई.

त्या दुपारी नाळ चढून प्रद्युम्न आठल्ये पठारावर आला. एकटाच आला. सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने, नाळा उतरत आणि चढत, सलग चालण्याचा त्याचा हा सव्विसावा दिवस होता. वाटाड्या नाही, सोबती नाही, फोन बंद. पुण्यात त्याची व्याख्याने होत, आणि प्रत्येक व्याख्यानात एक वाक्य तो थांबून थांबून म्हणे: जिथे जीव जाण्याची शक्यता नाही, तिथे साहस नाही, तिथे फक्त फेरफटका आहे. टाळ्या पडत. टाळ्या वाजवणारे मग आपापल्या गाड्यांतून घरी जात.

पण सव्वीस दिवसांत त्याचा जीव एकदाही धोक्यात आला नव्हता, आणि हे त्याला आतून खुपत होते. खांदे सोलले, टाचांना फोड आले, एकदा पोट बिघडले. अरण्य विशाल होते, अरण्य विलोभनीय होते, पण अरण्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. परत जाऊन लोकांना सांगायचे काय, हा प्रश्न तो रोज तंबूत शिरताना स्वतःला विचारत होता.

पहिली लगोर दिसली तेव्हा तो हसला. दुसरी दिसली तेव्हा हसला नाही. तिसरीपाशी त्याच्या कपाळाला आठी पडली. कुणीतरी त्याच्या अरण्याची बाग करून ठेवली होती; आता इकडून जा, आता तिकडे वळ, असे बोट धरून चालवत होती ती बाग. चौथी लगोर त्याने बुटाच्या टाचेने लोटून दिली.

दगड घरंगळले. त्याला गंमत वाटली, हे सांगायलाच हवे. मग पाचवी, मग सहावी, मग सातवी. कुणाच्या अंगणात मांडलेली भातुकली जाता जाता उडवावी तशा त्याने एकोणीस लगोऱ्या उडवल्या, आणि शेवटच्या लगोरीपाशी मागे वळून पाहिले. पठार आता निर्मार्ग होते, निर्मनुष्य होते, त्याच्या मते निर्मळ होते. तो शीळ घालत वाडीत उतरला.

वाडी म्हणजे चार घरे. पहिल्याच घराच्या पडवीत धावजी गभाले नावाचा म्हातारा दोन्ही गुडघे फडक्यांनी बांधून बसला होता. त्याने पाहुण्याला घोंगडी टाकली, गुळाचा कोरा चहा दिला, आणि तो बोलत राहिला, कारण आज त्याच्या पोटात आनंद मावत नव्हता. त्याची लेक ठकू यायची होती. एकुलती लेक, खाली कोकणात दिलेली. दोन महिन्यांचे बाळ पाठीशी बांधून, बाळंतपणानंतर पहिल्यांदा, ती माहेरी येत होती. जावई नाळेच्या माथ्यापर्यंत पोचवून माघारी फिरणार होता. इथली रीतच तशी: नाळेपर्यंत सासरच्या माणसाने आणायचे, तिथून पुढे माहेरच्या माणसाने. आणि माहेरी माणूस म्हणावा असा धावजीबाबा एकटाच उरला होता.

"गुडघं उचलत न्हाईत आता," बाबा म्हणाला. "म्हून लगोरी रचल्या. आठ दिस लागलं. बसत रचल्या, सरकत रचल्या, रातीला कपारीत पडून ऱ्हायलो. मी न्हाई गेलो तरी त्या हायेत तिच्यासंगं."

प्रद्युम्नने पेला न संपवताच खाली ठेवला.

आणि नेमके तेव्हाच धुके आले. कोकणातून आले, कड्यावरून चढून आले. शुभ्र, शीतल, शब्दहीन आले. आधी कडा गेला. मग सोनकी गेली. मग समोरचे आंब्याचे झाड गेले, आणि पडवीच्या पुढे जग उरले नाही. बाबा मात्र निर्धास्त होता. धुके तर रोजचेच, तो म्हणाला, लगोरीवरून लगोर धरून येईल पोर.

सांगायला एवढेच होते: बाबा, लगोऱ्या नाहीत. तीन शब्दांचे काम. आणि तो शेकडो सभा जिंकलेला वक्ता. त्याला लाज वाटली. इतकी, की लाजेपायी तो खरे बोलू शकला नाही. मी जरा बघून येतो, एवढेच म्हणून तो उठला. बाबाने त्याला बसवायचा प्रयत्न केला. कडा दिसत नाही, पाहुण्याने असे जाऊ नये, असे त्याने दोनदा सांगितले. तो गेला.

मग ते सगळे आले, जे त्याने सव्वीस दिवस मागितले होते. दिशा नव्हती. आकाश नव्हते. स्वतःचे बूट दिसत नव्हते. एका पावलाखाली दगड सुटला, आणि त्या दगडाच्या पडण्याचा आवाज परत आलाच नाही. तो गुडघ्यांवर बसला, मग पोटावर आडवा झाला, आणि ओले गवत मुठींत धरून मागे सरकला. हाच तो खरा धोका होता, निखळ, निर्भेळ, जीवघेणा. आणि त्यात थरार नव्हता, तेज नव्हते, सांगण्यासारखे काहीही नव्हते. त्यात फक्त एक बाळ होते, जे त्याने पाहिलेही नव्हते, आणि ज्याला हा धोका कुणी विचारून दिला नव्हता.

तो हाका मारत राहिला. ठकूताई. ठकूताई. धुके हाक गिळत राहिले.

किती वेळ गेला कळले नाही. मग कुठूनसे रडणे ऐकू आले, कोवळे, चिरके, रागीट रडणे, आणि त्या रडण्याच्या मागाने तो रांगत गेला. तिसऱ्या लगोरीला, म्हणजे त्याने न पाडता सोडलेल्या शेवटच्या लगोरीला, पाठ टेकून एक तरुण बाई बसली होती. बाळ तिने पदराखाली घेतले होते. ती घाबरलेली नव्हती; ती थांबलेली होती. खूण सरली की बूड टेकायचे, पाऊल टाकायचे नाही, हे तिला बापाने लहानपणीच शिकवले होते.

"बाबांनी धाडलं व्हय?" तिने विचारले. "पुढच्या लगोरी दिसंनात. वानरांनी पाडल्या असत्याल."

"असतील," तो म्हणाला.

त्या एका शब्दाने तो स्वतःच्या नजरेतून पडला; कड्यावरून पडला नाही एवढेच.

परतीची वाट त्याला माहीत नव्हती. ती तिने काढली. बाळ त्याच्या हातांत दिले, वहाणा काढून कमरेला खोवल्या, आणि वाकून, पायांनी चाचपत ती दगड शोधू लागली. पडलेला दगड तिला ओळखू येत होता: इतर दगड वरून ओले आणि शेवाळलेले, हे मात्र कुशीवर पडलेले, मातकट पोट वर आलेले. त्याने जे मोडले होते, त्याच मोडक्याचा माग काढत ती घरी निघाली होती. सापडेल तिथे ती दोन दगड एकावर एक ठेवी आणि पुढे जाई. मागून कुणी येणार नव्हते, तरी ठेवी.

त्याच्या हातांत बाळ झोपले. उबदार, दुधाळ वासाचे, विश्वासाने सैल पडलेले. सव्वीस दिवस पाठीवर वाहिलेल्या ओझ्यापेक्षा ते त्याला जड झाले.

एका ठिकाणी माती ओली होती. दगडांशेजारी तिच्यात एक ठसा उमटला होता, खाचाखाचांचा, ठळक, मोठा. ठकू त्या ठशापाशी थांबली. मग तिने त्याच्या पायांकडे पाहिले. मग त्याच्या तोंडाकडे पाहिले, फार वेळ नाही. मग बाळ परत मागून घेतले. रिकाम्या हातांनी तो तिच्या मागून चालला.

दिवे लागता लागता ते पोचले. बाबाने नातवंडाच्या कपाळाला कपाळ लावले, आणि त्याचे डोळे भरून आले. लगोरी पडल्या होत्या, ठकू बापाला म्हणाली, वानरांनी पाडल्या. चुलीकडे तोंड करून म्हणाली. बाबाने वानरांना शिव्या घातल्या आणि लेक सुखरूप आणल्याबद्दल पाहुण्याला हात जोडले. त्याच्या ताटात सगळ्यांत मोठी भाकरी वाढली.

त्या जोडलेल्या हातांपुढे प्रद्युम्नने हातातला घास ताटात परत ठेवला.

"बाबा, वानरं नव्हती," तो म्हणाला. "मी पाडल्या."

ठकूने मान वर केली नाही. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला, रागाने नव्हे, न समजून.

"का?"

एवढेच विचारले त्याने. या 'का'चे उत्तर प्रद्युम्न बारा वर्षे देत आला होता, सभागृहांतून, मंचांवरून, चित्रफितींसकट. धैर्य, अनिश्चितता, मानवी सामर्थ्याची सीमा. किती देखणे शब्द होते ते. त्या चुलीपुढे, त्या फडक्यात बांधलेल्या गुडघ्यांपुढे, एकही शब्द उभा राहिला नाही.

"पंधरा दिसांनी तिला परत जायाचंय," बाबा म्हणाला. "माझ्यानं आता व्हायचं न्हाई. रचशील? आन् रचलीस की तिथंच खाली बसून पुढची दिसती का बघ. उभ्यानं नको. लेकरू पाठीशी आसलं की बाई वाकून चालती, तिच्या डोळ्यानं बघ."

सकाळी तो पठारावर गेला. मोठा दगड, मधला, लहान. मोठा दगड, मधला, लहान. बोटे सोलली, नखे फुटली. आणि प्रत्येक लगोर उभी झाली की तो तिच्या पायाशी गुडघे टेकी, मान वाकवी, आणि एका बाईच्या नजरेच्या उंचीवरून पाही. दिसली नाही तर उठे, मोडे, सरकवून पुन्हा रची. एकोणीस लगोऱ्या, आणि गुडघे टेकणे किती वेळा, ते त्याने मोजले नाही.

वाडीकडून रचत आल्यामुळे चौथी लगोर शेवटी आली. पहिली त्याने हीच लोटली होती. ती रचून होईस्तोवर दुपार कलली, कड्यावरून धुके चढू लागले, सोनकी एकेक ताटव्याने विझू लागली. ओल्या मातीत गुडघे रोवून, मान खाली घालून, तो पाहत राहिला. पांढरे. पांढरे. नुसते पांढरे. आणि मग त्या पांढऱ्यात, अंधूक, बुटकी, वेडीवाकडी, त्याच्याच हातची, पुढची लगोर.

दिसत होती. वाकून पाहिले, की दिसत होती.